आधी पिझ्झा, मग वळण!

माहीत आहे का? शंभर मीटर उंचीचा बर्फाळ उतार तुम्ही स्कीवरून उतरलात आणि वाटेत घर्षण, वारा, ब्रेक यांपैकी काहीच आडवं आलं नाही, तर पायथ्याशी तुमचा वेग असेल ताशी जवळपास १६० किलोमीटर! मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर एवढ्या वेगात गाडी हाणली, तर चलान ठरलेलंच.

तेव्हा मंडळी, स्कीइंगमध्ये पळायला शिकवणारा कुणी लागत नाही. ते काम डोंगर करतो, तेही फुकटात. क्लास लावायचा तो थांबण्याचा आणि वळण्याचा. आणि या दोन गोष्टी मुळात एकच आहेत, हे या खेळातलं सगळ्यात भारी गुपित! स्कीला हँडब्रेक नाही, पेडल नाही. वळण हाच तिचा ब्रेक. एवढं पटलं की अर्धी भीती तिथेच वितळते.

बूट आवळा, गॉगल चढवा, निघू या!

पिझ्झा पायांनी करतात, राव!

अमेरिकेतल्या स्की-स्कूलमध्ये चिमुरड्यांच्या बॅचजवळ उभे राहा. दोन शब्द सतत कानावर पडतील: ‘पिझ्झा’ आणि ‘फ्रेंच फ्राइज’. कँटीनची ऑर्डर नाही ही, हा अभ्यासक्रम आहे!

फ्रेंच फ्राइज म्हणजे दोन्ही स्की शेजारी-शेजारी, समांतर. या पोझमध्ये तुम्ही सुसाट. पिझ्झा म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब. वरून पाहिलं तर पिझ्झाचा तुकडा दिसतो. या पोझमध्ये तुम्ही हळू, आणखी हळू, स्टॉप. मोठ्या माणसांच्या भाषेत याचं नाव स्नोप्लाऊ किंवा वेज.

ट्रिक कुठे आहे? टाचांमध्ये. टाचा बाहेर ढकला, गुडघे किंचित वाकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवा. आता प्रत्येक स्की आतल्या कडेवर थोडी कलते आणि उताराला तिरकी होऊन बर्फ खरवडत जाते. तुकडा मोठा केला की ब्रेक जास्त, लहान केला की कमी. टोकांमध्ये मात्र चार बोटांचं अंतर हवंच. टोकावर टोक चढलं, की पुढचा सीन तुम्ही बर्फात आणि टोपी दहा फुटांवर!

माहीत आहे का, पिझ्झा फार मोठा केला तरी फसगत होते? पाय इतके फाकतात की मांड्या ताठरतात, गुडघे अडकतात आणि वळायला जागाच उरत नाही. खड्या उतारावर नुसत्या पिझ्झावर भिस्त ठेवणाऱ्यांच्या मांड्या दहा मिनिटांत बोंब मारतात. मीडियम साइज बेस्ट!

डावीकडे जायचंय? उजवा दाबा!

हो, बरोबर वाचलंत. पिझ्झाच्या पोझमध्ये तुमची उजवी स्की मुळातच डावीकडे तोंड करून असते. तिच्यावर वजन टाकलं की ती तुम्हाला डावीकडे घेऊन जाते. उजवीकडे वळायचं तर डावी दाबा. राजकारणात डाव्या-उजव्यांचं जमो न जमो, स्कीवर त्यांची अशी अदलाबदल रोज होते.

वजन टाकायचं म्हणजे अख्खं अंग त्या बाजूला झोकायचं नाही बरं का. पायाच्या अंगठ्याखालचा उंचवटा जमिनीत रुतवतोय, एवढा इरादा पुरतो. बाहेरच्या पायावर दाब आणि नजर जिथे जायचंय तिथे. झाडाकडे टक लावून पाहिलंत, तर झाडाच्याच भेटीला जाल. शरीर नजरेच्या मागे जातं, हे शिकवणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी बजावतो.

आता मुख्य प्रश्न: वळल्याने वेग का कमी होतो?

आंबेनळी घाट आठवा. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना रस्ता सरळ खाली का नेला नाही? सरळ नेला असता तर गाड्या कोसळल्याच असत्या. तोच डोंगर, तीच उंची, पण नागमोडी फिरवल्यावर चढ सौम्य झाला. स्कीअर स्वतःपुरता असा घाटरस्ता बर्फात आखत उतरतो. ओंजळभर पाणी ओतलं तर ते ज्या दिशेने थेट ओघळेल ती ‘फॉल लाइन’. तिच्या दिशेने जितका वेळ जाल तितका वेग चढणार. तिला आडवे गेलात की वेग आटोक्यात. आणि वळण आणखी ताणून टोकं किंचित चढाकडे नेलीत, की तुम्ही आपोआप थांबता. ब्रेक लावलाच नाही, तरी थांबलात!

आणि नवशिक्याची दांडी गुल होते ती नेमकी इथेच. वळणाच्या मध्यावर क्षणभर स्की थेट फॉल लाइनकडे तोंड करते. पोटात गोळा येतो. माणूस घाबरून मागे रेलतो. मागे रेललं की स्कीची टोकं हलकी होतात, बर्फाची पकड सोडतात आणि वळण अर्धवट राहतं. म्हणजे भीतीने जे केलं त्यानेच वेग वाढला! उपाय एकदम उलटा आहे: नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकवा, हात समोर ठेवा, छाती उताराकडे. अख्ख्या नवशिक्या कोर्समधून एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी हीच निवडेन. पिझ्झा दोन तासांत जमतो. पुढे झुकायचं धाडस कमवावं लागतं, आणि ते कमावलेल्या माणसाचा चेहरा पाहण्याजोगा असतो.

झटपट गणित! ताशी २० किलोमीटरवरून ४० वर गेलात, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून ‘थोडा वेग चढू दे, मग बघू’ हा विचार उतारावर परवडत नाही. दर वळणाला थोडा-थोडा वेग जिरवत राहायचं.

आणि हे ऐका! ७० किलोचा माणूस १०० मीटर उंची उतरून थांबला, की जिरलेली सगळी ऊर्जा जर शून्य अंशावरचा बर्फ वितळवायला वापरली, तर किती बर्फ वितळेल? जेमतेम २०० ग्रॅम! एवढी धडधड, एवढी किंकाळी आणि हिशेब दोन वाट्या पाण्याचाही नाही.

८,००० वर्षांपूर्वीचा ब्रेक

रशियाच्या उत्तरेला विस नावाच्या ठिकाणी दलदलीत स्कीचे तुकडे सापडले. वय सुमारे ८,००० वर्षं! त्यातल्या एका तुकड्यावर एल्क हरणाचं डोकं कोरलेलं आहे. कुठे? वर नाही, तळाला! चढताना स्की मागे घसरू नये म्हणून हे डोकं बर्फात अडकत असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. डेकोरेशन प्लस ब्रेक, टू इन वन! चाकाची गाडी जगात यायच्या कितीतरी आधी माणूस स्कीच्या ब्रेकमध्ये डोकं घालत होता, हरणाचं का होईना.

तिथून थेट कॅलिफोर्नियाला उडी. १८६०-७० च्या दशकांत सिएरा नेवाडाच्या डोंगरांतले सोन्याच्या खाणीतले कामगार हिवाळ्यात काय करायचे? भल्यामोठ्या लांबलचक स्की पायांना बांधून सरळ खाली. वळणं? शून्य. ब्रेक? हातातला एक दांडका दोन पायांमध्ये घेऊन त्यावर बसायचं! १८७४ ची नोंद सांगते की टॉमी टॉड नावाच्या गड्याने १,८०६ फूट अंतर १४ सेकंदांत कापलं. हिशेब लावा: ताशी सुमारे १४० किलोमीटर. लाकडी फळ्यांवर. हेल्मेटशिवाय.

याच डोंगरांत ‘स्नोशू’ थॉम्प्सनही होता. मूळचा नॉर्वेचा. १८५६ पासून वीस वर्षं त्याने प्लेसरव्हिल ते जेनोआ असं टपाल पोचवलं, बर्फाच्या डोंगरावरून, स्कीवर. जायला तीन दिवस, यायला दोन. त्या हिवाळी टपालाचा सरकारी मोबदला त्याच्या हाती कधी पडलाच नाही, ही त्याच्या गोष्टीतली कडू बाजू. हातात एकच काठी असलेल्या त्या माणसाला आज सिएरा स्कीइंगचा जनक मानतात.

४२ व्या वर्षी हिरो

नॉर्वेच्या तेलेमार्क भागातल्या मॉर्गेदाल गावचा सोंद्रे नूरहाइम. गरीब कूळ. १८६८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, तो राजधानीतल्या शर्यतीत उतरला आणि शहरी पोरांना थक्क करून जिंकला. काठीवर बसणाऱ्यांची तेव्हा नॉर्वेत चेष्टा व्हायची. हा गडी काठीचा टेकू न घेता वळायचा आणि वळूनच थांबायचा!

रहस्य होतं पायात. तोवर स्की फक्त चवड्यापाशी पट्ट्यात अडकवलेली असायची, टाच मोकाट. नूरहाइमने विलोच्या कोवळ्या फांद्या पिळून टाचेमागून वेढा दिला. आता स्की पायाबरोबर फिरू लागली. शिवाय त्याने स्की मधे बारीक आणि टोकांना रुंद केली. लक्षात ठेवा ही कंबर, ती शंभराहून जास्त वर्षांनी पुन्हा स्टेजवर येणार आहे.

गुडघा वाकवून, एक पाय पुढे सरकवून घेतलेलं ते वळण ‘तेलेमार्क’ म्हणून गाजलं. माहीत आहे का, ते तुम्ही आजही टीव्हीवर पाहता? ऑलिम्पिकमध्ये स्की-जंपिंगवाले हवेतून उतरताना एक पाय पुढे टाकून अदबीने टेकतात ना, तेच तेलेमार्क लँडिंग. ते नीट नसलं तर परीक्षक मार्क कापतात!

नूरहाइम १८८४ मध्ये अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डकोटात वारला, सपाट प्रदेशात, डोंगरांपासून लांब. पण १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिम्पिकची मशाल पेटली ती त्याच्या मॉर्गेदालच्या झोपडीतल्या चुलीपाशी. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिम्पिकलाही तिथूनच ज्योत गेली. केवढा मान!

होम्सच्या बापाची पँट

२३ मार्च १८९४. शेरलॉक होम्सला कागदावर धबधब्यात ढकलून काहीच महिने झालेले. आर्थर कॉनन डॉयल स्वित्झर्लंडमध्ये ब्रांगर बंधूंबरोबर दावोसहून आरोसाला निघाले, स्कीवरून, खिंड ओलांडून. एका खड्या उतारावर ब्रांगर बंधूंनी स्की एकत्र बांधून त्यांची घसरगाडी केली. डॉयलसाहेबही तसंच करायला गेले, तर स्की हातून सुटून पुढे पळाल्या! मग काय, बैठक मारून घसरत खाली.

यावर त्यांनी ‘स्ट्रँड’ मासिकात लेख लिहिला. हॅरिस ट्वीड झिजत नाही असा त्यांच्या शिंप्याचा दावा होता. त्या उतारावर प्रयोग झाला आणि दावा फाटला, असा त्यांचा निष्कर्ष. आरोसाच्या हॉटेलात नोंदवहीत ब्रांगर बंधूंपैकी एकाने डॉयल यांचा व्यवसाय लिहिला: खेळाडू! एवढ्या मोठ्या लेखकाला ही पदवी फार आवडली.

सूचना: पँटचा ब्रेक आजही चालतो, पण टेक्निक चुकीचं. वेग हाताबाहेर गेलाच तर गुडघे वाकवून बाजूला, चढाकडच्या अंगावर पडा. आणि घसरत असतानाच उठायची घाई नको! गुडघ्याचे अस्थिबंध तुटण्याचे कितीतरी प्रकार मागे रेलून बसल्यावर उठायच्या धडपडीत घडतात. आधी थांबा, मग स्की उताराला आडव्या करा, मग उठा.

आणि पडताना काठी सोडा! काठी मुठीत राहिली तर अंगठा मागे मुरगळतो. ही दुखापत इतकी कॉमन आहे की डॉक्टरांच्या पुस्तकात तिला ‘स्कीअर्स थंब’ असं नाव आहे.

ऐंशी हाडं आणि एक हट्ट

माझा सगळ्यात आवडता गडी आता येतोय. मतियास झ्दार्स्की, ऑस्ट्रिया. ग्रीनलंड ओलांडणाऱ्या नान्सेनचं पुस्तक वाचून त्याने नॉर्वेहून स्की मागवल्या. आल्या त्या जवळजवळ तीन मीटर लांब! लिलिएनफेल्डच्या झाडीत, खड्या उतारावर त्या वळतील कशा? मग पठ्ठ्याने स्की आखूड केल्या, पाय घट्ट धरणारी धातूची बंधनं बनवली आणि एका लांब काठीच्या साथीने आल्प्ससाठी वळण्याचं स्वतःचं शास्त्र उभं केलं. नांगरासारखी पोझ, म्हणजे आपला पिझ्झाच, मग एक स्की तिरकी बाहेर काढून वळायचं: आज नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात जे शिकवतात, त्याची मुळं इथे आहेत.

१९ मार्च १९०५ ला त्याने मुकेनकोगेल डोंगरावर शर्यत घेतली. झेंड्यांमधून वळत उतरायचं! आजच्या स्लालमची ही आजी. चोवीस स्पर्धक, त्यात एक महिला, मित्झी आंगेरर.

आणि आता धक्का. फेब्रुवारी १९१६, पहिलं महायुद्ध. हिमस्खलनात झ्दार्स्की गाडला गेला. बाहेर काढला तेव्हा सुमारे ८० ठिकाणी हाडं मोडलेली किंवा निखळलेली. वय साठ. हा माणूस जगला, सावरला, पुन्हा स्कीवर उभा राहिला आणि १९४० पर्यंत जगला. आपण एकदा पडून ‘मला नाही जमणार’ म्हणतो, तेव्हा हा आठवावा.

शिक्षक नंबर वन

झ्दार्स्कीने पाया घातला, त्यावर शाळा बांधली हानेस श्नायडरने. ऑस्ट्रियाच्या आर्लबेर्ग भागात, सांक्त आंतोनला. त्याच्या आधी शिकवणं म्हणजे ‘माझ्यामागून या’. त्याने पायऱ्या पाडल्या: आधी स्नोप्लाऊ, मग स्नोप्लाऊमधून वळण, मग एक स्की बाहेर ढकलून घेतलेलं स्टेम वळण, मग स्टेम ख्रिस्तियानिया, ज्यात वळण संपताना दोन्ही स्की समांतर येतात. पहिली पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही! आज जगभरातल्या बिगिनर बॅचचा टाइमटेबल थोड्याफार फरकाने हाच आहे.

श्नायडर सिनेमातही चमकला, आणि १९३० मध्ये थेट जपानला जाऊन शिकवून आला. ग्लोबल गुरू! पण १९३८ मध्ये नाझी ऑस्ट्रियात घुसले आणि त्यांना विरोध करणारा हा लाडका शिक्षक गजाआड गेला. सुटका केली ती हार्वे गिब्सन या अमेरिकी बँकरने. त्याच्या न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉन्वे गावात त्याला स्कीचा डोंगर उभारायचा होता, आणि जर्मन कर्जांच्या वाटाघाटींमुळे त्याचा शब्द बर्लिनमध्ये चालायचा. फेब्रुवारी १९३९ मध्ये श्नायडर कुटुंब नॉर्थ कॉन्वेच्या स्टेशनात उतरलं. समोर गावातली पोरं दोन रांगांत उभी, काठ्या उंच धरून केलेली कमान! त्या कमानीखालून गुरुजी नव्या गावात शिरले. वळणं शिकवणाऱ्या माणसाच्या आयुष्याने घेतलेलं हे वळण वाचून आजही अंगावर काटा येतो.

पुढे ‘पिझ्झा’वाल्यांशी ‘फ्राइज’वाल्यांचं भांडणही झालं! फ्रान्सचा एमिल आले हा स्कीपटू म्हणायचा, पहिल्यापासून समांतरच शिकवा. ऑस्ट्रियन म्हणायचे, आधी नांगर. माझं मत? पिझ्झाला घाईघाईने निरोप देऊ नका. बर्फ कडक झाला, गर्दी दाटली, की भलेभले अनुभवीही क्षणभर पिझ्झा करून वेग मारतात. आणि हो, आले महाशय तब्बल १०० वर्षं जगले!

चटपटीत खजिना, फटाफट!

माहीत आहे का, १९३६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्की-शिक्षकांना बंदी होती? शिकवण्याचे पैसे घेतात म्हणजे व्यावसायिक! त्यामुळे समांतर वळणाचा बादशहा टोनी झेलोस स्पर्धेबाहेर. त्याला फक्त ट्रॅक उघडायला सोडलं, आणि त्याने विजेत्यापेक्षा कमी वेळात खाली येऊन दाखवलं.

ऑस्ट्रियाच्या रुडोल्फ लेटनरने स्कीच्या कडांना पोलादी पट्ट्या ठोकल्या, १९२६ मध्ये पेटंट. त्याआधी कडक बर्फावर लाकडी कडा गोलावून बोथट व्हायच्या. आज तुमचा पिझ्झा बर्फाला चावतो तो या पोलादी दातांनी!

१९५० च्या सुमारास विमान कारखान्यातल्या हॉवर्ड हेडने धातूची स्की काढली. तिच्यावर वळणं इतकं सोपं की लोक तिला ‘चीटर’ म्हणू लागले. पुढे याच हेडने टेनिसची मोठ्या तोंडाची रॅकेट आणली. एका डोक्यात दोन खेळ!

हॅल्मार ह्वाम, ओरेगनचा स्कीपटू. पाय मोडला, ऑपरेशन झालं. भूल उतरताच त्याने म्हणे कागद-पेन्सिल मागितली आणि पडल्यावर बूट आपोआप सोडणाऱ्या बाइंडिंगचं चित्र काढलं! ते १९३७ मध्ये आलं. पण सुटलेली स्की एकटीच डोंगर उतरायची, त्याचं काय? म्हणून ती पट्ट्याने घोट्याला बांधत, आणि मग माणूस पडला की तीच स्की गरगरत त्याला बदडायची. १९७० च्या दशकात बुटाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या छोट्या दांड्या आल्या. बूट सुटला की दांड्या खाली, स्की जागच्या जागी. म्हणजे स्कीला ब्रेक आहे, पण तो फक्त तुम्ही पडल्यावर लागतो!

आधी नवशिक्याची स्की किती लांब असायची? हात वर केला की मनगटापर्यंत! आता हनुवटी ते नाक एवढी पुरे. १९६० च्या दशकात क्लिफ टेलरने तर पहिल्या दिवशी जेमतेम अडीच-तीन फुटांच्या स्की द्यायला सुरुवात केली, जमेल तसतशा लांब. आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीच्या इंजिनिअरांनी स्कीची कंबर आणखी बारीक केली. आठवली का नूरहाइमची कंबर? स्की कलवली की ती स्वतःच कमानीत वळू लागली. नवशिक्यांवर एवढे उपकार दुसऱ्या कुठल्या शोधाने केले नसतील, असं मला मनापासून वाटतं.

जळगावकर, लक्ष द्या! जगातली पहिली चेअरलिफ्ट केळ्यांमुळे आली. १९३६, सन व्हॅली, आयडाहो. जेम्स करन या इंजिनिअरने जहाजात केळ्यांचे घड चढवणारी आकड्यांची साखळी पाहिली होती. त्याने आकड्याच्या जागी खुर्ची लावली, घडाच्या जागी माणूस!

डिस्नेच्या सिनेमांत कुणीही उंचावरून पडलं की तो लांब सूर लावलेला गूफी-छाप ओरडा येतो ना? त्याचा जन्म १९४१ च्या स्की शिकवणाऱ्या गूफीपटात झाला, आणि आवाज होता हानेस श्रोल या खऱ्याखुऱ्या ऑस्ट्रियन स्कीपटूचा.

रंगांची गडबड सांभाळा! फ्रान्समध्ये सर्वांत सोपा उतार हिरवा, मग निळा, लाल, काळा. ऑस्ट्रियात सोपा म्हणजे निळा. अमेरिकेत हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मधला, काळा हिरा कठीण. तेव्हा अमेरिकेत ‘निळा म्हणजे सोपा’ समजून चढू नका, हिरा बघून तर मुळीच भुलू नका.

आणि रस्त्याचा नियम इथे पूर्ण उलटा. हॉर्न मारून पुढच्याला बाजूला करायचं नाही. पुढे, म्हणजे खाली जो आहे, त्याचाच मान. मागून येणाऱ्याने वाट बदलायची किंवा थांबायचं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा नियमांत थांबण्याचाही नियम आहे: अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा ठिकाणी थांबायचं नाही. पडलात तर लवकर बाजूला व्हा. सेल्फी नंतर!

हॉकी स्टॉप म्हणजे काय, तर दोन्ही स्की समांतर ठेवून झटक्यात उताराला आडव्या करायच्या आणि कडा रोवायच्या. बर्फाचा फवारा उडतो, फोटो झकास येतो. पण त्याआधी साइडस्लिप शिका: स्की आडव्या, कडा किंचित सैल करायच्या, की तुम्ही आडवेच हळूहळू खाली सरकता. पुन्हा कडा लावल्या की थांबलात. दिसायला बोअरिंग, पण खड्या उतारावर अडकल्यावर सुखरूप उतरवणारी हीच.

ब्रेक नसलेली माणसं

२२ मार्च २०२३, फ्रान्सचं वार्स. सिमों बिलीने स्कीवरून गाठलेला वेग: ताशी २५५.५०० किलोमीटर, विश्वविक्रम! गंमत म्हणजे त्याचे वडील फिलिप बिली यांच्या नावावरही १९९७ मध्ये हाच विश्वविक्रम होता. घराण्याची परंपरा! मग एवढ्या वेगात थांबायचं कसं? पिझ्झा? छे! या वेगात पिझ्झा केला तर स्की हिसका मारून भिरकावेल. हे लोक हळूहळू ताठ होतात, हात पसरतात आणि हवेलाच ब्रेक करतात. त्यांच्यापुढे थांबायला लांबलचक सपाट मैदान मोकळं ठेवलेलं असतं.

आणि युइचिरो मिउरा? या जपानी स्कीपटूने ६ मे १९७० ला एव्हरेस्टच्या साउथ कोलखालून स्कीवर उडी घेतली. ब्रेक म्हणून पाठीला पॅराशूट! विरळ हवेत पॅराशूटने हवा तेवढा वेग धरून ठेवला नाही. बर्फ काचेसारखा कडक, कडा लागेनात. तो पडला, शेकडो मीटर घसरला आणि प्रचंड हिमभेगेच्या थोडा अलीकडे थांबला. या मोहिमेवरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. पण त्याच मोहिमेत हिमप्रपातात सहा शेर्पा मृत्युमुखी पडले. विक्रमाची गोष्ट सांगताना ते सहा जण गाळले, तर ती गोष्ट अपुरी राहते. मिउरा पुढे २०१३ मध्ये, ८० व्या वर्षी, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला!

आपल्याकडे कुठे?

काश्मीरमधल्या गुलमर्गला, साधारण २,६५० मीटर उंचीवर! भारतीय लष्कराची स्की शाळा तिथे १९४८ मध्ये सुरू झाली, तीच आजची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. नागरिकांसाठी १९६८ पासून भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था. माहीत आहे का, गुलमर्गचे नवशिके पिझ्झा गिरवतात ते उन्हाळ्यातल्या गोल्फच्या मैदानावर? वरचा गोंडोला जवळजवळ ४,००० मीटरवर नेतो, पण तो उतार बिगिनरसाठी नाही, कितीही फोटोजेनिक असला तरी.

उत्तराखंडचं औली दुसरं. जोशीमठहून वर. तिथे २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांतलं स्कीइंग झालं. तिथे गढवाल मंडल विकास निगमाचे आठवडा-दोन आठवड्यांचे कोर्स चालतात, आणि हिमालयाच्या ट्रेकला चटावलेल्या मराठी मंडळींनी एक हिवाळा इकडे वळवायला काहीच हरकत नाही. आणि दुबईत राहणाऱ्या मराठी घरांसाठी तर मॉलमध्येच सोय: स्की दुबई, २००५ पासून, ४०० मीटरचा सर्वांत लांब उतार. बाहेर वाळवंट, आत पिझ्झा!

एक कळकळीची विनंती: शिकायचं तर प्रशिक्षकाकडून. जिवलग मित्र स्की शिकवायला लागला की ‘अरे, असं नाही रे!’ पलीकडे धडा सरकत नाही, आणि दुपारपर्यंत मैत्रीलाच ब्रेक लागतो.

आता नावं! १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये जेरेमी बुयाकोव्स्की भारताकडून एकटा उतरला, आपला पहिला हिवाळी ऑलिम्पिकपटू, तोही स्कीइंगमध्येच. जानेवारी २०१८ मध्ये मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कीतल्या एर्झुरूमला स्लालममध्ये कांस्य जिंकलं, आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं पहिलं पदक! आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारताचा अख्खा संघ म्हणजे एक माणूस: आरिफ खान, गुलमर्गच्या उतारांवर घडलेला. जायंट स्लालमच्या दिवशी बर्फ धो-धो पडत होता, समोरचं दिसत नव्हतं, आणि मोठमोठे खेळाडू वाटेतच गळत होते. आरिफने दोन्ही फेऱ्यांतलं एकेक वळण पूर्ण केलं आणि ४५ वा आला.